एका रोगाचं बारसं

रोगांना नावं कोण देतं, असं मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगू शकेन, निदान एका रोगापुरतं तरी. त्या रोगाचं बारसं झालं तेव्हा मी तिथे होते. चहा मीच केला होता.

मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात मी नर्स म्हणून चार वर्षं काढली. तेव्हा मी पंचविशीत होते आणि गावात एसटी येऊ लागून फार दिवस झाले नव्हते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, एक लाकडी बाक आणि औषधांचं कपाट. कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे असायची आणि डॉक्टर शनिवार दुपारपासून सोमवार दुपारपर्यंत पुण्यात असायचे. त्यामुळे गावाने बेतानेच आजारी पडावं अशी एकूण व्यवस्था होती.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि आमच्या गावावर नाराज होते. खेड्यात बदली होऊन आलेल्या डॉक्टरला दोनपैकी एक काहीतरी होतंच: हिवताप, नाहीतर संशोधन. आमच्या डॉक्टरांना हिवताप झाला नाही. उन्हाळ्यात पुण्याला डॉक्टर मंडळींची एक सभा भरायची. तिथे निबंध वाचायचा, चार मोठ्या लोकांच्या नजरेत भरायचं आणि बदली करून घ्यायची, असा त्यांचा बेत होता. निबंधाला फक्त विषय हवा होता. तो गावाने पुरवला.

फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे राब भाजतात. खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, वर माती असे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे. पुढे पाऊस आला की त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी टाकतात. महिना-दीड महिना खोऱ्यात धूर असतो आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. पदराने पुसायचे आणि कामाला लागायचं, ही त्यावरची जुनी उपाययोजना. पण त्या वर्षी बायका नुसते लाल नाही, तर चिकटलेले डोळे घेऊन येऊ लागल्या. पापण्या सुजलेल्या, कडांना पिवळी चिपडं, सकाळी कोमट पाण्याशिवाय डोळा उघडत नाही. बाकावर जागा पुरेना.

"डोळं आल्यात," एवढंच प्रत्येकीचं म्हणणं असायचं.

डॉक्टरांना हे 'आले' पसंत नव्हतं. "आले म्हणजे काय? कुठून आले? या शब्दात कारणच नाही," ते म्हणायचे. जणू कारण सांगितलं असतं तर डोळे आलेच नसते.

एका संध्याकाळी ओट्यावर डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर बसले होते. मास्तरांना संस्कृतची गोडी होती आणि गावात ती चाखायला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांनाही इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं. दोघांनी एकमेकांना सोसायचं ठरवलं होतं.

"आमच्याकडे याला कंजंक्टिव्हायटिस म्हणतात," डॉक्टर सांगत होते. "पापणीला आणि डोळ्याला जोडणारा पातळ पडदा असतो. लॅटिनमध्ये जोडणारा तो कंजंक्टिव्हा. पुढचं आयटिस ग्रीकांचं, म्हणजे दाह."

"म्हणजे धड एकीचं आणि मुंडकं दुसरीचं," मास्तर म्हणाले. "आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे. अभिष्यंद. स्यंद म्हणजे पाझरणं. चहूकडून पाझरतो तो अभिष्यंद. आपल्या वैद्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय."

"उत्तम. पण त्यातही कारण नाही. इथल्या आजाराचं कारण उघड आहे. राब."

"राब नको. राब हा काही संस्कृत शब्द नाही. पुण्याच्या सभेत राब म्हणालात तर लोक समजतील तुम्ही शेतकी खात्यात आहात."

"मग राख?"

"राख म्हणजे भस्म." मास्तर थांबले. मग दोन्ही हात जोडून पुन्हा उघडावेत तसे केले आणि म्हणाले, "भस्माभिष्यंद."

डॉक्टरांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, कागदावर लिहिला, खाली रेघ ओढली आणि आतल्या बाजूला तोंड करून आणखी एकेक कप चहा सांगितला.

मी कप ठेवताना विचारलं, "पण डॉक्टर, राब तर दरवर्षी भाजतात. डोळे यंदाच असे का?"

"दरवर्षी इथे मी नव्हतो, सिस्टर."

मला ते गर्वाचं बोलणं वाटलं. पुढे कळलं की ते अक्षरशः खरं होतं.

कारण त्या वर्षी दवाखान्यात डोळ्यांचं नवं मलम आलं होतं, आणि ते घालायला काचेची एक काडी. एकच. काडीच्या टोकावर मलम घ्यायचं, खालची पापणी ओढून आतून फिरवायचं, काडी बोरिकच्या पाण्यात बुडवायची आणि पुढचा डोळा, असा डॉक्टरांचा नियम. बोरिकचं पाणी सकाळी एका वाटीत करायचं आणि ते दुपारपर्यंत पुरवायचं. काडी दर वेळी उकळायला हवी हे मला शिकवलेलं होतं. पण उकळायला स्टोव्ह हवा, स्टोव्हला रॉकेल हवं, आणि रॉकेलसाठीचा अर्ज पुण्याला गेलेला होता. अर्ज तिथे सुखात असावा.

तरीही एवढ्याने काम बिघडलं नसतं. बिघडलं ते आम्हा बायकांच्या संस्कारांमुळे.

आमच्याकडे बाई दवाखान्यात एकटी येत नाही. जाऊ येते, शेजारीण येते, जाऊची बहीण राहायला आलेली असते ती येते. एकीच्या डोळ्यात काडी फिरली की दुसरी तोंड पुढे करायची.

"माज्या बी फिरवा की बाई. मी काय सवत हाय व्हय?"

"तुमचे डोळे चांगले आहेत."

"म्हंजी वाईट झाल्यावरच इचारणार?"

मी हळदीकुंकवाच्या घरात वाढलेली. चार बायका ओळीने बसल्यात, एकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि शेजारचीला वगळलं, तर काय होतं हे मला नर्सिंगच्या शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी शिकवलेलं होतं. ते शिक्षण पक्कं निघालं. मी ओळीने काडी फिरवत गेले. उजवा, डावा, बोरिक, पुढची. मलम थंड लागायचं, त्यामुळे काडीची ख्याती झाली. बायका एकमेकींना निरोप देऊन येऊ लागल्या. वरच्या आळीतली एक विधवा म्हातारी रोज यायची. तिचा एक डोळा धुराने लाल असायचा.

"कुकू मला कोन लावत न्हाई," ती म्हणाली. "काडी तरी फिरवा."

तिच्याही दोन्ही डोळ्यांत फिरवली. आमच्या दवाखान्यात समाजसुधारणा झाली ती अशी.

अशातच एका सकाळी मास्तरांची बायको आली. तिला मी वहिनी म्हणायचे. तिचे डोळे अगदी निरोगी होते. तिला तंदुरुस्तीचा दाखला हवा होता, कारण ती फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा द्यायला पुण्याला जाणार होती. तेव्हा फायनल पास झालेल्या बाईला शाळेत नोकरी मिळू शकत असे. दोन वर्षं ती चुलीपुढे बसून इतिहास-भूगोल पाठ करत होती. भाकरी थापताना नद्या आणि तव्यावर टाकताना राजधान्या. मास्तरांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर: एकदाच बसायचं. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. परीक्षेला तेरा दिवस होते.

डॉक्टर आत कुणाचं तरी गळू कापत होते, म्हणून वहिनी बाकावर बसली. दोन्ही बाजूंना डोळेवाल्या बायका. मी काडी फिरवत तिच्यापर्यंत आले आणि क्षणभर थांबले. ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही." शेजारची लगेच म्हणाली, "घ्या की मास्तरीणबाई, आमच्या पंक्तीला बसल्यावर उपाशी कशाला ऱ्हाताय?" हेडमास्तरांच्या बायकोला सगळ्यांदेखत वगळणं मला जमलं नाही. तिलाही नाही म्हणणं जमलं नाही. उजवा, डावा, बोरिक. मग तिला दाखला मिळाला: प्रकृती उत्तम, दृष्टी निर्दोष.

चौथ्या दिवशी तिचे दोन्ही डोळे बंद झाले.

मास्तरांनी तातडीने निदान केलं. शब्द त्यांचाच होता, त्यामुळे वेळ लागला नाही. राख वाऱ्याने उडून घरात आली, म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. राख डोळ्यांत जाऊ नये म्हणून वहिनीच्या डोळ्यांवर धोतराची घडी करून घट्ट पट्टी बांधली. राब भाजणं संपेपर्यंत ती सोडायची नाही, आणि वाचन तर बिलकूल नाही. राब भाजणं संपायला अजून तीन आठवडे होते.

डॉक्टर तर हरखून गेले. "पाहिलंत? ही बाई आयुष्यात कधी शेतावर गेली नाही! म्हणजे नुसत्या हवेतल्या भस्मानेही होतो." निबंधात एक परिच्छेद वाढला.

त्याच आठवड्यात ती म्हातारी आली. आता तिचे दोन्ही डोळे सुजले होते. बाकावर बसत ती मोठ्याने म्हणाली, "बाई, तुमच्या दवाखान्याचा गुण लई मोटा. येताना माजा येकच डोळा लाल व्हता. तुमी दोनी करून दिलं."

बायका हसल्या. मीही हसले. मग हसू राहिलं बाजूला, आणि मी काडीकडे बघत राहिले.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर रजिस्टर काढून बसले. खोकला म्हणून आलेल्या, काटा मोडला म्हणून आलेल्या, बाकावर काडी फिरवून घेऊन गेलेल्या आणि चार-पाच दिवसांनी डोळे घेऊन परत आलेल्या, अशा किती निघाल्या ते सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. मी मोजायचं मध्येच थांबवलं. आणि पुरुष? राब रचतात पुरुष, पेटवतात पुरुष, दिवसभर धुरात उभे राहतात पुरुष. चिकटलेले डोळे घेऊन आलेले पुरुष दोन, आणि त्या दोघांच्या बायका आधी येऊन गेलेल्या. पुरुषांनी काडी फिरवून घेतली नव्हती. काजळ घालून घेतल्यासारखं दिसतं म्हणून. गावातल्या पुरुषांचे डोळे त्यांच्या मिशीने वाचवले.

मी रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते पाहिलं. ते मूर्ख नव्हते, पहिल्याच पानाला त्यांच्या लक्षात आलं. दुसरं पान त्यांनी उलटलंच नाही.

"बोरिकमध्ये बुडवत होता ना?"

"एकाच वाटीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "निबंध पोस्टात पडलाय, सिस्टर. काडी बदला. कारण बदलू नका."

"आणि मास्तरांच्या बायकोचं काय? पट्टीखाली डोळे जास्तच बिघडतील. सगळी घाण आत कोंडून राहणार."

"ते मास्तरांना कसं सांगणार?" ते म्हणाले. "त्यांच्या शब्दाला सभेत टाळ्या पडणार आहेत."

त्या संध्याकाळी मी गेले नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. गावात एकदा बोभाटा झाला की नर्सबाईने घरोघरी डोळे वाटले, तर कायम व्हायचा प्रश्नच मिटला, याचा मी नीट विचार केला. विचार करायला एक संध्याकाळ पुरली.

सकाळी गेले. उकळून थंड केलेलं पाणी, स्वच्छ कापूस आणि मलमाची नवी डबी घेतली. पाणी शेजारच्या चुलीवर उकळलं. ती चूल गेला महिनाभरही तिथेच होती, हे तेव्हा सुचलं.

घर बंद. आत अंधार आणि उकाडा. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर पांढरी घडी. पुढ्यात भूगोलाचं पुस्तक पालथं पडलं होतं. मास्तर झोपाळ्यावर.

"या सिस्टर. राख फार आहे का हो बाहेर?"

"मास्तर, हे राखेने झालेलं नाही. माझ्या काडीने झालंय."

त्यांना ते कळेना. मी पुन्हा सांगितलं, बाक, वाटी, ओळ, सगळं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा एखाद्या मुलाने फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिल्यावर व्हावा तसा होत गेला. चूक त्याची, त्रास आपल्याला.

"छे छे," ते म्हणाले. "एवढ्या बारीक काडीने एवढा मोठा रोग? आणि शास्त्रात भस्माचा..."

"शास्त्रात भस्म नव्हतं. ते तुम्ही ओट्यावर घातलंत. मी चहा देत होते."

"मग मी हे सोडू का?" वहिनी मध्येच म्हणाली. तिचे हात पट्टीच्या गाठीवर गेलेसुद्धा होते.

"थांब! अगं, राब अजून..."

"राब लोकांच्या शेतात जळतोय. माझे डोळे इथे कोंडलेत."

गाठ तिनेच सोडली. पट्टी पापण्यांना चिकटली होती. ती ओढायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि कापसाने भिजवून सोडवली. डोळे वाईट होते, पण बुबुळं स्वच्छ होती. दोन्ही तपासली, खिडकी उघडून पुन्हा तपासली. तोपर्यंत ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

"नजर शाबूत आहे," मी म्हणाले.

तिने पदर सोडला. डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग काल संध्याकाळी का नाही आलात?"

"नोकरीचा विचार करत होते."

"माझी एक संध्याकाळ गेली," ती म्हणाली. "दक्षिण अमेरिका राहिलीय माझी."

माझ्यावर ती रागावली असेल तर तेवढंच. मास्तरांनी मात्र शेवटचा प्रयत्न केला. या वर्षी राहू दे, प्रकृती महत्त्वाची, परीक्षा काय पुढच्या वर्षीही असते.

"चालेल," वहिनी म्हणाली. "मग तुमची ती एकदाचीच अट मोडली असं धरू ना?"

मास्तरांनी झोपाळा जरा जोरात घेतला. अट मोडणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यापेक्षा बायको परीक्षेला गेलेली बरी.

पाच दिवस मी दिवसातून तीन वेळा जात होते. प्रत्येक डोळ्याला कापसाची वेगळी वात, वापरली की चुलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या आपोआप उघडल्या. मी डोळे धूत असताना मास्तर पुस्तक उघडून समोर बसायचे आणि नद्या वाचून दाखवायचे. ती चुकलेल्या उच्चारांवर त्यांना थांबवायची.

दवाखान्यात काडी बंद झाली. मी बायकांना सरळ सांगितलं की काडीनेच पसरलं, चूक माझी होती, आता ज्याच्या त्याच्या डोळ्याला त्याची वात आणि ज्यांचे डोळे चांगले त्यांना काही नाही. मला वाटलं होतं बोभाटा होईल. झालं वेगळंच. त्यांनी ते मानलंच नाही. मलम संपत आलं म्हणून बाई काहीतरी सांगते, आणि शिल्लक राहिलेलं पाटलांच्या घरासाठी ठेवते, असं ठरलं. तीन आठवड्यांत डोळे कमी झाले. त्याचं श्रेय राब भाजून संपण्याला मिळालं. म्हातारी तेवढी म्हणाली, "आता दोन-दोन वाती कशाला? डोळं का भांडल्यात व्हय?"

डॉक्टरांनी पुण्याला निबंध वाचला. टाळ्या पडल्या म्हणतात. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली, आणि कपाटाची किल्ली ते चुकून बरोबर घेऊन गेले. पुष्कळ वर्षांनी मला एका उजळणी वर्गाला पाठवलं होतं. तिथे वाटलेल्या चक्रमुद्रित कागदांत नेत्ररोगांच्या यादीत तो होता: भस्माभिष्यंद, मावळ भागात, राखेमुळे, स्त्रियांत विशेष. वर्गाच्या शेवटच्या परीक्षेत कारण विचारलं होतं. मी राख लिहिलं. मला पास व्हायचं होतं.

पण ते नंतरचं. त्या वर्षी माझं लक्ष एका एसटीकडे होतं. परीक्षा संपली त्या दिवशी मी थांब्यावर गेले. औषधांची पेटी येणार होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. मास्तर आधीच छत्री घेऊन उभे होते. ऊन उतरलं होतं, तरीही छत्री.

गाडी आली. वहिनी उतरली, हातात पिशवी, अंगभर धूळ. मी पहिल्यांदा डोळेच पाहिले. स्वच्छ होते.

"कसे गेले पेपर?" मास्तरांनी विचारलं.

"दक्षिण अमेरिकेवर काहीच आलं नाही," ती म्हणाली.

"आणि डोळे?" मी विचारलं. "त्रास झाला?"

"डोळ्यांनी नाही. गणिताने दिला." तिने पिशवी मास्तरांच्या हातात दिली आणि पुढे चालू लागली. "सात उदाहरणं होती. पाच बरोबर आहेत. सहावं बहुतेक. घरी चला, सांगते कसं सोडवलं ते. तुम्हालाही आलं नसतं."